आतल्या खोलीचे अण्णा

नाट्यगृहात खांबाआडची खुर्ची मुद्दाम मागून घेणारा माणूस पाहायचा असेल तर आमच्या सोसायटीत या. बी विंग, दुसरा मजला. अण्णा ती खुर्ची नाइलाजाने घेत नाहीत. बुकिंगच्या खिडकीत डोकं घालून ते प्लॅन पुढे ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात, मागची रांग चुळबुळायला लागेपर्यंत त्या प्लॅनवर बोट फिरवतात आणि शेवटी एका चौकोनावर टेकवतात. “ही. खांब डावीकडे येतो. या नाटकात दार उजवीकडे आहे, आणि जे काय व्हायचं ते दारातूनच होतं.” वहिनी नाटकभर मान उजवीकडे कलती ठेवून बसतात. मध्यंतरात अण्णा त्यांना बटाटेवडा आणून देतात आणि पुढच्या रांगांकडे हात करून म्हणतात, “हे सगळे आपल्यापेक्षा दीडशे रुपयांनी मूर्ख.”

अशा माणसाला लोक चटकन कंजूष म्हणतात. ते चूक आहे. कंजूष माणूस नाटकालाच जात नाही. घरी टीव्ही बघतो, तोही आवाज कमी ठेवून. अण्णा जातात, खातात, वर्षातून एकदा लांबचा प्रवास करतात, कामवाल्या मावशींना दिवाळीला पूर्ण पगार बोनस देतात. पैसे गेल्याचं त्यांना दुःख नसतं. पैसे घेताना समोरचा मनातल्या मनात हसला असेल, ही शंका त्यांना झोपू देत नाही. उभी हयात सरकारी ऑडिटमध्ये दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर आक्षेप घेण्यात गेली. निवृत्तीनंतर व्हाउचरं गेली, आक्षेप मात्र घरी आले.

तर अशा अण्णांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि बंगळुरूच्या लेकीने फर्मान काढलं, “बाबा, आईला क्रूझवर न्या.” मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला आणि लक्षद्वीपला जहाजं सुटतात हे अण्णांना पेपरातून ठाऊक होतं. लेक म्हणाली, बाल्कनीवाली केबिन मी बुक करते, पैसेही मीच भरते. अण्णांनी ते जागीच मोडून काढलं. “तिचे पैसे म्हणजे काय पैसे नव्हेत?” बुकिंग आपण स्वतः करणार, असं त्यांनी जाहीर केलं, आणि तिथून पुढे सोसायटीच्या पायऱ्यांवर बसून कुणालाही समुद्र सोडून दुसरा विषय काढता आला नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रूझच्या जहाजावर खोल्यांच्या ढोबळ चार जाती. सर्वांत महाग स्वीट, मग बाल्कनीवाली, मग नुसती खिडकीवाली, आणि तळाला आतली केबिन. जहाज चांगलं रुंद असतं. दोन्ही कडांच्या खोल्यांच्या वाट्याला समुद्र येतो, मधल्या पट्ट्यातल्या खोल्यांच्या वाट्याला भिंत. आतल्या केबिनला खिडकीच नसते. दिवा घालवला की भर दुपारी बारालाही मिट्ट काळोख. बाकी पलंग, कपाट, टीव्ही, बाथरूम सगळं असतं. आणि खोलीबाहेर पाऊल टाकलं की जात जवळजवळ संपते: पोहायचा तलाव तोच, नाट्यगृह तेच, बुफेची रांग तीच. एके काळी याच बॅलार्ड पिअरवरून विलायतेला निघणाऱ्या पी. अँड ओ.च्या बोटींत पहिल्या वर्गाचं जेवणघर वेगळं आणि दुसऱ्या वर्गाचं वेगळं असे. आता बहुतेक जहाजांवर बाल्कनीवाला आणि आतलीवाला सांबाराच्या एकाच डावेची वाट बघत उभे राहतात. या धंद्यातलं हे कलम अण्णांना फारच आवडलं. “जहाज सगळ्यांचं एकच. चाललं तरी एकच आणि बुडालं तरी एकच.”

“शुभ बोल रे नाऱ्या,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

एजंटाच्या दुकानात एक चुणचुणीत पोरगा होता. त्याने तोंडपाठ वाक्य टाकलं, “सर, थोडेसेच ॲड करा, विंडो मिळेल.”

“जहाज सुटतं केव्हा?”

“संध्याकाळी, सर.”

“मग रात्री खिडकीतून काय दिसतं?”

पोरगा प्रामाणिक निघाला. “रात्री तसा काळोखच असतो, सर.”

“म्हणजे काळोखाला काच लावल्याचे एवढे?”

मग अण्णांनी त्याच्याच टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढून घेतला. आतली आणि बाल्कनीवाली यांत दोघांचा मिळून फरक समजा १८ हजार. तीन रात्रींचा प्रवास, जहाजावरचे एकूण तास समजा ६६. त्यातून झोपेचे २४ गेले, उरले ४२. गोव्यात उतरण्याचे ९ गेले, ३३. खाण्यापिण्याचे, रांगेसकट, १२; उरले २१. करमणुकीचे कार्यक्रम आणि डेकवरच्या फेऱ्या मिळून ८, म्हणजे १३. दुपारची वामकुक्षी ४, उरले ९. अंघोळ, कपडे आणि हरवलेला चष्मा शोधणं, ४. “राहिले तास पाच! पाच तास बाल्कनीत बसायचे १८ हजार. तासाला तीन हजार सहाशे. एवढ्या पैशात मी तुला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जन्मभर बसवतो, वर भेळ.”

पोराने शेवटचा पत्ता टाकला. “पण सर, सनसेट?”

अण्णा या चेंडूची वाटच बघत होते. मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या. परतताना उलट. “बाल्कनीवाल्याला एकच बाजू विकत मिळते. उजवी घेतली तर जाताना सूर्यास्त, येताना किनारा. डावी घेतली तर जाताना किनारा, येताना सूर्यास्त. मी आतला. मी कुठल्याच बाजूचा नाही. डेकवर जाईन, हवा त्या कठड्याला उभा राहीन. दोन्ही सूर्यास्त माझे.” मी या युक्तिवादात भोक शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. अजून सापडलेलं नाही.

बिलाच्या तपशिलातही त्यांना खाद्य मिळालं. बंदराचं शुल्क माणशी ठरलेलं असतं. तुम्ही स्वीटमध्ये लोळा की आतल्या केबिनमध्ये, आकडा तोच. म्हणजे भाडं जितकं कमी तितका या वरखर्चाचा टक्का जास्त. अण्णांनी कागदाच्या समासात ‘गरिबावर जादा बोजा’ असा शेरा मारला आणि खाली सही केली. भाडं एका खोलीत दोन माणसं धरून सांगितलेलं असतं, एकटा गेला तर बहुतेक वेळा त्याला जवळपास दोघांचं भाडं पडतं, हेही त्यांनी शोधून काढलं. सी विंगमधले एक विधुर स्नेही बरोबर येतो म्हणत होते. अण्णांनी त्यांना शांतपणे आकडे दाखवले आणि म्हणाले, “यापेक्षा पुन्हा लग्न करा. स्वस्त पडेल.”

आतली केबिन घ्यायची हे ठरलं तेव्हा प्रकरण मिटलं, असं आम्हाला वाटलं. खरं प्रकरण तिथे सुरू झालं. आतली, पण कुठली आतली?

अण्णांनी जहाजाच्या सगळ्या मजल्यांचे नकाशे छापून आणले, सेलोटेपने जोडले आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या कॅरमवर पसरले. नातवाच्या रंगपेट्या आल्या. जहाज सर्वांत कमी डोलतं ते मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. तेव्हा पुढचं टोक, मागचं टोक आणि अगदी वरचे मजले एका दमात लाल झाले. पुढच्या टोकाला नांगर टाकताना साखळीचा खडखडाट आणि मागच्या टोकाला इंजिनाची थरथर हा वरचा पुरावा. मग उरलेल्या पट्ट्यात डोक्यावर काय आणि पायाखाली काय, याचा तपास सुरू झाला. एक मजला दुसऱ्यावर ठेवून, ट्यूबलाइटच्या उजेडात धरून ते बघत. “४३च्या वर काय आहे? तलाव! बाद. पहाटे पाचला पोरं खुर्च्या ओढतात.” “इथे खाली नाट्यगृह. रात्री साडेअकराला टाळ्या. बाद.” “ही लिफ्टच्या दाराशी. चोवीस तास टिंग टिंग. बाद.” लिफ्टपासून फार लांबही नको, कारण वहिनींचे गुडघे. एक खोली सगळ्या कसोट्यांना उतरली आणि ऑफिसात टाळी वाजणार, एवढ्यात अण्णांना भिंतीवर एक बारीक खूण दिसली. शेजारच्या खोलीशी जोडणारं दार! “दारातून घोरणं गाळून येतं,” म्हणत त्यांनी तीही लाल केली.

हे सगळे ठोकताळे खरे आहेत, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्यांदा जाणाऱ्याने, आणि ज्याला बोट लागण्याची धास्ती आहे त्याने तर जरूर, मध्यावरची, खालची, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना खोल्याच असलेली खोली बघावी. खोलीत फक्त झोपायचं असेल तर आतली केबिन हा शहाणपणाचाच सौदा आहे. अण्णांचं म्हणणं चुकत नाही, हीच त्यांच्या घरच्यांची खरी अडचण आहे.

एवढ्यात एजंटाच्या पोराने नवं पिल्लू सोडलं. खोलीचा नंबर तुम्ही निवडायचा नाही, कंपनी देईल ती घ्यायची, असं कबूल केलं तर भाडं आणखी कमी होत होतं. अण्णांवर धर्मसंकट आलं. एकीकडे सर्वांत स्वस्त. दुसरीकडे स्वस्तातलं सर्वांत चांगलं शोधून काढण्याचा हक्क. चार दिवस त्यांचा चेहरा उतरलेला होता. देवळात गेले तर प्रदक्षिणा मध्येच थांबवून उभे राहिले, असं पुजारी सांगत होता. शेवटी त्यांनी थोडे जास्त पैसे भरून नंबर निवडला. त्या घरात चाळीस वर्षांत जास्त पैसे भरून काही घेतलं गेल्याची ही पहिलीच नोंद. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

भाचा अमेरिकेतून फोनवर नवनवी माहिती पुरवत होताच. डिस्नेच्या २०११ सालच्या ‘ड्रीम’ जहाजावर म्हणे आतल्या केबिनच्या भिंतीवर गोल खिडकीसारखा पडदा असतो, त्यात बाहेरचा समुद्र दिसतो आणि मध्येच कार्टूनमधली पात्रं डोकावतात. रॉयल कॅरिबियनच्या २०१४ सालच्या ‘क्वांटम ऑफ द सीज’वर तर जमिनीपासून छतापर्यंतचा पडदा, बाल्कनीचं चलच्चित्रच. त्यांच्याच १९९९ सालच्या ‘व्हॉयेजर’वर काही आतल्या खोल्यांना खिडकी आहे, पण ती समुद्रावर उघडत नाही, जहाजाच्या पोटातल्या बाजारपेठेवर उघडते. हे शेवटचं ऐकून अण्णा हळवे झाले. गिरगावातल्या मावशीच्या चाळीतल्या खोलीसारखी सोय, म्हणाले. कुणाकडे पाहुणे आले आणि कुणी काय आणलं ते बसल्या जागी कळतं.

अण्णा स्वतः वाढले नायगावच्या बीडीडी चाळीत. खोली १६० चौरस फुटांची, माणसं नऊ, नळ आणि संडास बाहेर, सामाईक. जहाजावरची आतली केबिन साधारण दीडशे चौरस फुटांच्या आसपास असते, असं एजंटाने ओशाळून सांगितलं, तेव्हा अण्णांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “दीडशेत दोनच माणसं? आणि संडास आत? बाळ, याला तू लहान म्हणतोस?”

या सगळ्यात वहिनींना कुणी विचारलं नव्हतं. वहिनी मालवणच्या. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जात. ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’ ही नावं त्या अजून माहेरच्या माणसांची घ्यावीत तशी घेतात. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत बोट मालवणच्या समोर येऊन उभी राहायची आणि होड्यांतून माणसं किनाऱ्याला लागायची. पावसाळ्यात बोटी बंद. केबिन-बिबिन बड्या लोकांना. बाकीच्यांनी डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, ट्रंकेला पाय टेकवून झोपायचं आणि बोट लागली तर लिंबू हुंगायचं. अण्णांनी एकदा या इतिहासाचाही आधार घेऊन पाहिला: “तुम्हाला तेव्हा तरी कुठे केबिन होती?” वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “नव्हती. पण समुद्र होता. आणि तोही फुकट.” मग मान वर न करता मालवणीत, “तुमी समुद्र बघूक जातास की निजूक?”

अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. ऑडिटच्या भाषेत याला ‘आक्षेप नोंदवून घेतला, कार्यवाही प्रलंबित’ म्हणतात.

अण्णांची जात उठून दिसते ती बाल्कनीवाल्यांच्या शेजारी ठेवल्यावर. डी विंगमधलं एक जोडपं गेल्या वर्षी बाल्कनीतून जाऊन आलं. त्यांच्याकडे पाठमोऱ्या बाईचा फोटो आहे, समोर समुद्र, हातात ग्लास, केस उडताहेत. तोच फोटो वेगवेगळ्या साड्यांत आणि ड्रेसांत अकरा वेळा. अण्णांनी त्यांना घरी चहाला बोलावलं आणि पहिल्या घोटाला विचारलं, “बाल्कनीत एकूण किती तास बसलात?” नवरा म्हणाला, वारा फार होता, बायकोला सर्दी झाली, दुसऱ्या दिवसापासून दार बंदच ठेवलं. अण्णांनी त्यांना आणखी चकल्या वाढल्या. मनुष्य एवढा तृप्त मी सत्यनारायणाच्या प्रसादानंतरही पाहिलेला नाही. या वर्गाची ही खरी खूण: यांना नुसते पैसे वाचून भागत नाही, दुसऱ्याचे गेले पाहिजेत, आणि तेही वाया.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात बॅगा भरल्या गेल्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात, तेव्हा चुंबकाचे हुक चिकटवून टोप्या, पिशव्या, ओले रुमाल लटकवता येतात, हे अण्णांनी कुठूनसं हुडकलं होतं. क्रॉफर्ड मार्केटमधून डझनभर हुक आले आणि घरच्या फ्रिजवर त्यांची वजनानिशी चाचणी झाली. आतल्या केबिनमध्ये रात्री उठलं तर हातभरावरचं दिसत नाही म्हणून दोन टॉर्च आणि भिंतीत खोचायचा एक बारका दिवा. बोट लागण्यावर गोळ्या, सुकं आलं, आवळासुपारी. चहाची इलेक्ट्रिक किटली, छोटी इस्त्री आणि चार सॉकेटांचा एक्स्टेन्शन बोर्ड वहिनींनी तीनदा बाहेर काढला आणि अण्णांनी चारदा आत घातला. जहाजावर आगीचं भय मोठं असतं, म्हणून या वस्तू सहसा चालत नाहीत. अण्णांना नियम माहीत होता. तो आपल्या किटलीला लागू आहे हे मान्य नव्हतं. बंदरावरच्या एक्स-रे यंत्राने ते पाच सेकंदांत मान्य करून घेतलं.

पुढच्या भागाचे आमच्याकडे दोन वृत्तांत आहेत, एक अण्णांचा आणि एक वहिनींचा. दोन्ही जुळतात ते एवढ्याच ठिकाणी की काउंटरवरच्या मुलीने हसून कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, “सर, तुमच्यासाठी गुड न्यूज आहे. तुम्हाला फ्री अपग्रेड मिळालंय. विंडोवाली केबिन.”

अण्णा पांढरे पडले.

“कुठला डेक?”

तिने सांगितला.

“वर काय आहे?”

“सर, सी व्ह्यू आहे. खूप छान—”

“समुद्र बाजूला असतो. मी विचारतोय वर काय आहे.”

अण्णांनी पिशवीतून नकाशा काढला आणि काउंटरवर उलगडला. नव्या खोलीच्या डोक्यावर बरोबर नाचायची जागा होती. खोली पुढच्या टोकाकडे सरकलेली, लिफ्टला खेटून. दोन महिन्यांचा अभ्यास, रंगपेट्या, ते धर्मसंकट, जादा भरलेले पैसे, सगळं एका फुकटच्या खिडकीने पाण्यात घातलं होतं. त्यांनी बाणेदारपणे सांगितलं, “मला माझी खोली हवी. मी पैसे भरून निवडलेली.” मुलगी गोंधळली. अपग्रेड नाकारणारा प्रवासी तिने पाहिला नसावा. तिने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी खालच्या आवाजात विचारलं, “सर, काही प्रॉब्लेम आहे का? अपग्रेड फुकट आहे.” अण्णा म्हणाले, “फुकटच आहे हाच प्रॉब्लेम आहे. फुकट गोष्टीचा फरक कसा काढायचा?” मागे रांग वाढली. कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

वहिनी तोवर खुर्चीवर बसून होत्या. ‘खिडकी’ एवढा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. त्या उठल्या, गुडघा सावरत काउंटरपाशी आल्या, अण्णांना कोपराने जरासं बाजूला सारलं आणि मुलीसमोर हात पसरून म्हणाल्या, “दी गो बाय तां कार्ड.”

मुलगी मालवणी होती की नुसती शहाणी, कळायला मार्ग नाही. तिने कार्ड वहिनींच्या हातात दिलं.

पहिल्या रात्री अण्णा एक वाजेपर्यंत जागे होते. त्यांच्या डायरीत नोंदी आहेत: ११.१०, ढोलकसदृश आवाज. ११.४०, खुर्ची. १२.१५, समूहनृत्य, गाणं पंजाबी. १२.५०, पुन्हा तेच गाणं. प्रत्येक नोंदीबरोबर त्यांना बरं वाटत गेलं असावं, कारण शेवटची नोंद ठळक अक्षरात आहे: ‘अंदाज खरा.’ वहिनी केव्हाच खिडकीशी पाय पसरून, पडदा न लावता झोपल्या होत्या. दिवसा अण्णांनी त्या खिडकीवर बहिष्कार टाकला. जहाजाच्या पुढच्या टोकावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीच्या एका वाहिनीवर सतत दिसतं, ते लावून ते बसत. आतल्या केबिनवाल्यांचा हा जुना इलाज त्यांनी घरूनच पाठ करून आणला होता. वहिनींनी विचारलं, शेजारी एवढी खिडकी असताना टीव्हीवर समुद्र कशाला? अण्णा म्हणाले, “खिडकी फक्त बाजूचं दाखवते. हे समोरचं दाखवतं.”

परतीच्या दिवशी, भर समुद्रात, अण्णा आपली मूळ खोली बघायला गेले. बघायला म्हणजे तपासणीला. त्यांनी दार ठोठावलं. आत ठाण्याचं एक कुटुंब होतं, आईवडील आणि दोन मुलं, चौघं दाटीवाटीने. अण्णांनी ओळख करून दिली ती अशी: “या खोलीचा मी पहिला मालक.” मग विचारलं, “झोप कशी लागते?” त्या गृहस्थांनी डोळे चोळत सांगितलं, “काका, विचारू नका. इतका शांत काळोख, सकाळचा नाश्ताच बुडाला. साडेदहाला जाग आली.” अण्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. डोलत नाही ना? नाही. वरून आवाज? काहीच नाही. शेजारचं घोरणं? शेजारी कोण आहे तेही माहीत नाही. प्रत्येक उत्तराला अण्णा भिंतीकडे अशा नजरेने बघत होते, जशी माणसं दुसऱ्याच्या घरी दिलेल्या मुलीकडे बघतात.

मुलं मात्र कंटाळली होती. त्यांना समुद्र बघायचा होता. डेकवर ऊन होतं आणि आई सोडत नव्हती. अण्णांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

वाटाघाटी पाच मिनिटांत आटोपल्या. दुपारी एक ते चार मुलांनी वरच्या खोलीत यायचं, वहिनींच्या देखरेखीखाली, खिडकीशी. आईवडिलांनी डेकवर सावलीत जायचं. आणि अण्णांनी खाली. वहिनी सांगतात, मुलं काचेला नाक लावून बसली होती. परतीच्या वाटेवर ती बाजू किनाऱ्याची, पण जहाज इतकं आत होतं की किनाऱ्याची रेघसुद्धा दिसत नव्हती. तरी वहिनी त्यांना बोट दाखवून सांगत राहिल्या, हे इथे मालवण, हे आता देवगड, हा विजयदुर्ग. धाकट्याने विचारलं, “आजी, कुठे आहे?” तर त्या म्हणाल्या, “असतंच रे ते. आपण लांबून चाललोय.” मग त्यांनी बॅगेतून नेमका एक्स-रेतून सुटलेला चिवडा काढला.

अण्णा खाली साडेतीन तास झोपले. अर्ध्या तासाचा उशीर झाला म्हणून ठाण्याच्या गृहस्थांची माफी मागितली आणि बदल्यात जादा आणलेले सहा चुंबकाचे हुक त्यांना देऊन टाकले. परत आल्यावर त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात सगळा हिशेब मांडला: आतल्या केबिनचं भाडं भरून खिडकी मिळाली, शिवाय आतलीही वापरायला मिळाली. एका भाड्यात दोन खोल्या. डी विंगवाल्यांना हे दोनदा ऐकवण्यात आलं.

वहिनी एवढंच सांगतात की खालून वर येताना अण्णा जिन्यात थांबले होते आणि आपल्याला विचारत होते, त्या मुलांना आपली खिडकी तीन तास दिली, तर तासाच्या तीन हजार सहाशेंप्रमाणे त्यांच्या वडिलांकडे काही काढायला हवं होतं का.